‘वगैरे’च्या आडोशाला : वसतिगृहातील पहिले वर्ष आणि अंतर्मुख नायक

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून पांडुरंग सांगवीकर या तिच्या नायकाला समीक्षेने अनेक विशेषणे बहाल केली. तो अस्तित्ववादी ठरला, परात्म ठरला, बंडखोर ठरला. काम्यूच्या नायकाशी आणि सॅलिंजरच्या होल्डन कॉलफील्डशी त्याचे नाते जोडून झाले. ही विशेषणे चुकीची आहेत असे नव्हे. त्यांची अडचण निराळी आहे. ती कादंबरीच्या शेवटाकडून मागे वाचत गेल्यावर सुचलेली आहेत. शिक्षण अर्धवट टाकून सांगवीला परतलेला, पंचवीस वर्षांचा, आपल्याच आयुष्याचा हिशेब मांडायला बसलेला पांडुरंग एकदा परात्म ठरला, की शाळा संपवून पुण्याच्या वसतिगृहात नुकताच दाखल झालेला मुलगाही परात्मच दिसू लागतो. परिणाम आरंभावर लादला जातो आणि मधली प्रक्रिया वाचायची राहून जाते.

ही प्रक्रिया कादंबरीच्या पुणेपर्वात, विशेषतः महाविद्यालयीन जीवनाच्या आरंभकाळाची जी पाने आहेत त्यांत, फार तपशिलाने घडलेली आहे. परात्मता ही सामाजिक-ऐतिहासिक अवस्था आहे; ती माणसावर ओढवते. अंतर्मुखता ही प्रकृती आहे. ती माणूस घरून घेऊन येतो. पहिलीचे स्पष्टीकरण व्यवस्थेत शोधावे लागते, दुसरीला स्पष्टीकरणाची गरजच नसते. मराठी समीक्षेने या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. अबोल नायक दिसला रे दिसला, की त्याला परात्म म्हणून टाकावयाचे, असा एक प्रघात साठोत्तरी कादंबरीच्या चर्चेत पडून गेला आहे. त्यामुळे एका विशिष्ट प्रकृतीचा मुलगा एका विशिष्ट संस्थेत पहिल्यांदा राहू लागतो तेव्हा नेमके काय घडते, हा साधा दिसणारा पण कादंबरीच्या दृष्टीने अत्यंत फलद्रूप प्रश्न विचारलाच जात नाही.

मुळात ‘अंतर्मुख’ या शब्दाची मराठीतली स्थितीच चमत्कारिक आहे. कठोपनिषदाने इंद्रियांची दारे बाहेरच्या दिशेने फोडलेली आहेत असे सांगून, दृष्टी आत वळविणाऱ्या एखाद्याच धीर पुरुषाचा गौरव केला. वेदान्ताच्या आणि संतवाङ्मयाच्या परंपरेत अंतर्मुख होणे ही साधनेची पायरी आहे, प्रशंसेची गोष्ट आहे. युंगने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्ररूपांवरील ग्रंथात बहिर्मुख आणि अंतर्मुख अशी विभागणी केली, आणि तिच्यासाठी मराठी मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी हाच जुना शब्द वापरला. आता तो एक प्रकार झाला. ना गुण, ना दोष. बोलभाषेने मात्र या दोहोंचेही ऐकले नाही. तिच्याजवळ घुम्या, बुजरा, भिडस्त, एकलकोंडा, माणूसघाणा असे शब्द आहेत आणि त्यांतला एकही कौतुकाचा नाही. फार तर ‘भिडस्त’ थोडा सौम्य. गावाकडच्या घरात ज्या मुलाला ‘शांत आहे हो’ म्हणतात, त्यालाच वसतिगृहाच्या व्हरांड्यात ‘घुम्या’ म्हणतात. मुलगा तोच असतो. नाव बदलते, आणि नाव बदलल्याचे त्याला कोणी सांगत नाही.

महाविद्यालय नावाची संस्था या मुलाकडून काय मागते? वर्गात ती फारसे काही मागत नाही. शंभर-शंभरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसण्याची पूर्ण मुभा असते. मागणी वर्गाबाहेर सुरू होते. जूनमध्ये प्रवेश, पावसाळ्यात मंडळांची उद्घाटने आणि निवडणुका, दिवाळीच्या सुटीनंतर वादविवादस्पर्धा, हिवाळ्यात स्नेहसंमेलन, आणि मग एकाएकी परीक्षा. या वार्षिक चक्रात जो दिसतो तोच असतो. त्यातच ‘कोसला’तील पिढीचे पहिले वर्ष आजच्यासारखे नव्हते. कनिष्ठ महाविद्यालयाचा मधला टप्पा महाराष्ट्रात १९७० च्या दशकात आला. त्यापूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा झाली की मुलगा थेट महाविद्यालयात. शाळा सुटणे, गाव सुटणे, घरचे जेवण सुटणे आणि परक्या मुलाबरोबर एका खोलीत झोपणे, हे सारे एकाच पावसाळ्यात घडत असे.

अशा वेळी अंतर्मुख मुलगा काय करतो याचे एक ठरीव उत्तर आहे : तो कोपरा धरतो. ‘कोसला’चे मोठेपण असे की ती हे उत्तर देत नाही. पांडुरंग सुरुवातीच्या काळात कोपरा धरत नाही, उलट सर्वत्र असतो. वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, संमेलनात नाटक बसवितो, मेस चालवायला घेतो. या उचापतींच्या आधारे काही वाचकांनी तो मुळात बहिर्मुख होता आणि पुढे अनुभवांनी कोमेजला, असा उलगडा केला आहे. हा उलगडा मजकुराला धरून वाटतो, पण निवेदनाला धरून नाही. कारण ही सगळी कर्तबगारी ज्या सुरात सांगितली आहे, त्यात कर्त्याचा आनंद कुठेही सापडत नाही. कुणीतरी दुसराच हे करीत होता आणि निवेदक त्याच्याकडे थोड्या अंतरावरून पाहत होता, अशी ती भाषा आहे. अंतर्मुख माणसाची खरी जुळवणी ही अशीच असते. संस्था जो मुखवटा मान्य करते तो तो सर्वांहून घट्ट बांधतो, कारण त्याला त्या मुखवट्याचे माप ठाऊक नसते. मुळात बोलका असलेला मुलगा एखादे मंडळ धरतो आणि बाकीची सोडून देतो. न बोलणारा, कुठे थांबावे हे न कळल्यामुळे, सगळीच धरतो.

यांतली मेस हे प्रकरण सर्वांत बोलके आहे आणि समीक्षेने त्याकडे विनोदाचा मासला म्हणूनच पाहिले. वसतिगृहाची मेस म्हणजे नुसती जेवणाची सोय नव्हे. तिथे रोज दोन वेळा, ठरावीक घटकेला, कुणाशेजारी बसायचे हा प्रश्न सोडवावा लागतो. घरी न बोलता जेवता येते. मेसमध्ये न बोलता जेवणे ही भूमिका ठरते. बुजऱ्या मुलाला ही कसोटी टाळायची असेल तर दोनच वाटा असतात. एक, खाडे धरून उपाशी राहणे किंवा बाहेर कुठेतरी एकट्याने खाणे. दुसरी, मेसचा व्यवस्थापकच होणे. जो हिशेब ठेवतो, आचाऱ्याशी बोलतो, धान्य आणतो, त्याला पंगतीत बसावे लागत नाही. तो पंगतीच्या आजूबाजूला वावरतो. पांडुरंग ही दुसरी वाट घेतो आणि तिथेच फसतो. मेस तोट्यात जाते, इतरांची बेपर्वाई त्याच्या माथी येते आणि भुर्दंड अखेर घरच्या पैशांवर पडतो. भिडेपोटी ‘नाही’ म्हणता न येणे हा दोष एका आकड्यात रूपांतरित होऊन वडिलांसमोर जातो. बापलेकांचा जो ताण कादंबरीभर आहे त्याची एक गाठ इथे, खाणावळीच्या वहीत, पडलेली आहे. अस्तित्ववादाच्या चर्चेत या वहीला जागा मिळत नाही.

आता निवेदनाकडे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे पांडुरंगाचे दोन शब्द मराठीत इतके प्रसिद्ध झाले की त्यांची नक्कल करणारी एक पिढीच पुढे लिहू लागली. त्यांना उपरोधाची खूण, भाषेच्या पोकळपणाची जाणीव, प्रमाणभाषेची थट्टा असे अर्थ लावले गेले आहेत. ते ग्राह्यच आहेत. परंतु या शब्दांचे एक साधे सामाजिक कार्यही आहे. ‘वगैरे’ म्हणजे वाक्य कुणी तोडण्याआधी आपणच तोडणे. चारचौघांत बोलताना ज्याला आपले बोलणे पुरे होईल याची खात्री नसते, तो यादीतली पहिली गोष्ट सांगून उरलेली ऐकणाऱ्यावर सोपवितो. ‘उदाहरणार्थ’ची तऱ्हा याहून सूक्ष्म. स्वतःचे वयसुद्धा उदाहरण म्हणून सांगणारा माणूस स्वतःला एका अनामिक वर्गाचा नमुना करून टाकतो. मग त्याच्याविषयी कुणी काही म्हटले तरी ते त्या नमुन्याला लागते, त्याला लागत नाही. म्हणजे हे दोन शब्द हा आडोसा आहे. रेशमाचा किडा आपला कोश आपल्याच लाळेने विणतो. कादंबरीचे शीर्षक ज्या कोशाचे आहे तो कोश नायक अशा शब्दांनी विणीत जातो. विशेष हे की हा आडोसा वसतिगृहाच्या बोलीतूनच उचललेल्या साहित्याचा आहे. अर्धवट वाक्ये, टवाळीचा सूर, कशालाच फार महत्त्व न देण्याची ऐट, ही सगळी वसतिगृहातल्या बोलक्या मुलांची भाषा. अबोल मुलाने ती ऐकून आत्मसात केली आणि तिचाच कोश केला.

तुलनेसाठी एक इंग्रजी कादंबरी समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. फिलिप लार्किन हा कवी म्हणून परिचित आहे. त्याची ‘जिल’ ही कादंबरी १९४६ साली निघाली आणि मराठी वाचकांपर्यंत ती क्वचितच पोहोचली. तिचा सारा विषय पहिल्या वर्षाची पहिली सहामाहीच आहे. १९४० च्या शरदात, युद्धाच्या सावटाखाली, लँकेशरमधल्या एका कामगारवस्तीतला जॉन केम्प शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला येतो. आरंभीचा प्रसंग आगगाडीच्या डब्यातला आहे. जॉनजवळ घरून बांधून दिलेली सँडविचे आहेत. चार अनोळखी माणसांसमोर ती उघडण्याचे धैर्य त्याला होत नाही. तो संडासात जाऊन घाईघाईने काही खातो, उरलेली खिडकीबाहेर फेकून देतो, आणि जागेवर येऊन बसतो तो डब्यातली माणसे आपापल्या शिदोऱ्या सोडून त्याला आग्रह करू लागतात. पोट भरलेले असताना त्याला पुन्हा, सर्वांदेखत, खावे लागते. खोलीवर पोहोचल्यावर त्याने आधीच मागवून ठेवलेल्या नव्या कपबशांत त्याचा पार्टनर ख्रिस्तोफर वॉर्नर आणि त्याची मित्रमंडळी चहा पीत बसलेली असतात. कपबश्या आपल्या आहेत हे सांगायलाही त्याला जमत नाही. पांडुरंगाची मेस आणि जॉनची सँडविचे यांत भूगोलाचे आणि काळाचे केवढे अंतर! पण दोन्ही लेखकांना एकच गोष्ट दिसली. अंतर्मुख विद्यार्थ्याची पहिली परीक्षा वर्गात होत नाही, ताटावर होते.

जॉनचा आडोसा मात्र वेगळा आहे. त्याच्याजवळ ‘वगैरे’ नाही. निवेदन तृतीयपुरुषी आहे, त्यामुळे नायकाला स्वतःच्या भाषेत लपण्याची सोय नाही. लपायचे तर कथेतच लपावे लागते. पार्टनरचे लक्ष वेधण्यासाठी तो जिल नावाची, शाळेत शिकणारी धाकटी बहीण रचतो. तिची पत्रे स्वतःच लिहितो, पुढे तिची कहाणी आणि रोजनिशीही लिहितो. सुरुवातीला हे दुसऱ्यासाठी केलेले नाटक असते. पार्टनरला त्यात रस नाही हे कळल्यावरही लेखन थांबत नाही. खरे तर तेव्हाच ते सुरू होते. एका नव्या विद्यार्थ्याच्या लाजिरवाण्या थापेतून कल्पित वाङ्मय कसे जन्मते याचे इतके नेमके चित्रण दुसरीकडे सहसा आढळणार नाही. पुढे जिलसारखी दिसणारी, जवळजवळ त्याच नावाची एक हाडामांसाची मुलगी त्याला दिसते आणि रचलेले सगळे कोसळू लागते.

येथे एक रास्त आक्षेप येतो. जॉनचा संकोच हा प्रकृतीचा की वर्गाचा? कामगाराचा मुलगा श्रीमंत मुलांच्या गराड्यात गप्प झाला, तर त्याला अंतर्मुख म्हणणे ही समाजशास्त्राला बगल देण्याची युक्ती नव्हे काय? कादंबरीनेच याचे उत्तर ठेवले आहे. त्याच महाविद्यालयात व्हिटब्रेड नावाचा, जॉनच्याच थरातला, शिष्यवृत्तीवर आलेला दुसरा विद्यार्थी आहे. तो खालमानेने अभ्यास करतो, काटकसर करतो, आणि आपल्या जागी अगदी सुखात असतो. वर्ग तोच, संस्था तीच, पण घडते ते वेगळे. जॉन पुढे याच व्हिटब्रेडच्या खोलीची नासधूस करतो, वॉर्नरच्या नव्हे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९६४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लार्किनने, एका अमेरिकी समीक्षकाने जॉनला विस्थापित कामगारवर्गीय नायकांतला पहिला ठरविल्याचा उल्लेख करून, नायकाची ही पार्श्वभूमी कथेत मिसळलेली असली तरी कथा तिच्याविषयी नाही, अशा आशयाचे स्पष्टीकरण दिले. लेखकाचा शब्द अखेरचा मानण्याचे कारण नाही. पण इथे तो मजकुराशी जुळतो.

मराठीत हा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण आपल्याकडे बोलण्याची संधीच जातीने आणि बोलीने वाटून दिलेली आहे. आनंद यादव यांचे आत्मचरित्र ‘झोंबी’पासून (१९८७) ‘नांगरणी’कडे (१९९०) जाते तेव्हा कागलच्या शेतातून महाविद्यालयाकडे निघालेल्या मुलाची वाट दिसते. दलित आत्मकथनांत तर शाळा-कॉलेजातील गप्पपणा हा पुष्कळदा स्वसंरक्षणाचा, प्रसंगी सक्तीचा असतो. ज्याचे ‘न’ आणि ‘ण’ यांवरून हसे होते, ज्याला आडनाव विचारले जाण्याची धास्ती असते, त्याचे न बोलणे अंतर्मुखतेच्या खाती टाकणे म्हणजे अन्यायाला स्वभाव म्हणणे होय. ही सीमा पाळली पाहिजे. मात्र ती पाळायची तर दोन्ही बाजूंनी पाळावी लागेल. ‘कोसला’चा नायक खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या घरचा आहे, पैसे घरून येतात, तो पदे मिळवितो आणि सभा गाजवू शकतो. ज्या बाह्य कारणांनी माणूस मुका होतो त्यांपैकी बरीचशी इथे दूर आहेत. म्हणूनच प्रकृती म्हणून अंतर्मुखता जवळजवळ शुद्ध रूपात पाहायला मराठीत ‘कोसला’इतकी सोयीची कादंबरी नाही. तिला सरसकट सामाजिक परात्मतेची कादंबरी म्हणणे हे तिच्यावर जसे अन्यायाचे, तसेच ज्यांचा गप्पपणा खरोखर लादलेला होता त्यांच्यावरही.

(जाता जाता नोंदवावयास हवे की हा सारा विचार मुलांच्या वसतिगृहाभोवती फिरतो. मुलीचा अबोलपणा सुशीलपणा म्हणून खपून जातो. रेक्टरबाईंना त्यात वावगे काही दिसत नाही आणि कादंबरीकारांनाही फारसे दिसलेले नाही. जो गुणच मानला गेला त्याची कथा होत नाही. या अभावाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.)

दोन्ही कादंबऱ्यांच्या आतल्या खोलीत एक धाकटी बहीण आहे, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. जॉन बहीण रचतो. पांडुरंगाला ती आहे आणि तो तिला गमावतो. मनीचा देवीने झालेला मृत्यू हा ‘कोसला’चा गाभा आहे, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत तो शोक ज्या रीतीने वर येतो त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिल्या वर्षाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला घर आठवते म्हणजे काय आठवते? वडील आठवले की हिशेब आठवतो, आई आठवली की काळजी आठवते. धाकट्या बहिणीपाशी मात्र काहीच सिद्ध करून दाखवायचे नसते. तिच्यासमोर बोलका व्हावे लागत नाही आणि गप्प राहिले तर घुम्या म्हणून घ्यावे लागत नाही. संस्थेने मागितलेल्या सर्व रूपांच्या बाहेरची ही एकमेव श्रोती. लार्किनच्या नायकाला ती कागदावर निर्माण करावी लागली, यावरून तिची निकड किती होती ते कळते. मनी गेल्यावर पांडुरंगाचा तो श्रोता नाहीसा होतो. आणि जिथे ‘वगैरे’ लागत नव्हते असे ठिकाण उरत नाही. मनीविषयीच्या पानांवर निवेदनाचा तो सवयीचा आडोसा कसा डळमळतो हे ज्याने कान देऊन वाचले आहे, त्याला परात्मतेची उपपत्ती इथे का अपुरी पडते ते वेगळे सांगावे लागणार नाही.

अशी कादंबरी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात लागते तेव्हा एक गमतीदार पेच तयार होतो. पांडुरंगावर चर्चासत्र ठेवले जाते, त्यात बोलके विद्यार्थी पांडुरंगाच्या मौनावर बोलतात, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वर्गातील सहभागास असतात. ज्याने ती कादंबरी दोनदा, खोलीचे दार लावून वाचलेली असते, तो सहीपुरता येऊन मागे बसतो. समीक्षेने दिलेली विशेषणे त्याच्या उपयोगी पडत नाहीत, कारण ‘परात्म’ हा शब्द त्याला स्वतःविषयी फार मोठा वाटतो आणि ‘घुम्या’ फार लहान.

रोजनिशीचा मुद्दा राहिला. ‘कोसला’चा एक भाग रोजनिशीच्या रूपात आहे आणि ‘जिल’मध्येही रोजनिशी आहे, पण जॉन दुसऱ्याची लिहितो, पांडुरंग स्वतःची. जॉनच्या रोजनिशीत शाळकरी मुलीचा दिवस उत्साहाने, पुऱ्या वाक्यांत भरलेला आहे. पांडुरंगाच्या नोंदी तुटक आहेत. पहिल्याला आपले एकटेपण दुसऱ्याच्या नावावर मांडता आले, म्हणून त्याला वाक्ये पुरी करता आली. दुसऱ्याने स्वतःचे नाव सोडले नाही. वाचणारा कोणी नसतानाही तो कुणीतरी दारात उभे असल्यासारखा लिहितो.